तुमचंच रक्त, त्रास कसला!

…आणि वर ती डॉक्टरीणबाई मलाच म्हणते कशी, "तुमचंच रक्त आहे ना मॅडम? मग त्याचा त्रास कसला?"

त्रास कसला! अहो, तुम्हाला सांगते, हे वाक्य मी आता पाटीवर लिहून दारात टांगणार आहे. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं ते वाचावं, एकदा माझ्या तोंडाकडं बघावं आणि गुमान पुढं जावं. महिना झाला, आमच्या नंदिगड्ड्यात, गावात, माझ्याशी कोण बोलतच न्हाई, माझ्या गालाशी बोलतात! "थोडं कमी वाटतंय की गं," म्हणतात. थोडं! कुठलं थोडं? डावं की उजवं? आणि उलट विचारलं तर म्हणतात, "तूच बघ की आरशात, आम्हाला काय कळतंय?" …पण थांबा, मुळापासून सांगते. माझं असंच होतं, गाय दाखव म्हटलं तर मी शेपटीकडनं सुरुवात करते.

तर मूळ म्हणजे वांग. वांगं न्हवे हो, वांग! पोटात रक्षिता होती तेव्हा सातव्या महिन्यात नाकाच्या दोन्ही बाजूंना गालांवर काळपट डाग उठले. बाळंत झाल्यावर जातील, म्हणाले सगळे. झाले बाळंत. पोट गेलं, केस गेले, झोप गेली, हे तेवढं राहिलं. मराठीत ह्याला वांग म्हणतात, कानडीत बंगु म्हणतात, दोन-दोन भाषांत नाव आहे आणि औषध एकाही भाषेत न्हाई! आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, जायफळ उगाळून दिलं, लावलं. शेजारीण फुलानं बटाटा घासायला सांगितला, घासला. कोण म्हणालं मसूर डाळ, कोण म्हणालं साय, कोण म्हणालं मध… तोंडाला एवढं खाऊपिऊ घातलं की रक्षिता पापी घ्यायची सोडून गाल चाटायला लागली. आणि वांग? सुप्याच्या धरणासारखं. बसलं ते बसलं, आता हलायचं नाव न्हाई.

तरी मी गप्प होते, खरंच गप्प होते! डाग तर डाग. पण त्या फोननं घात केला.

आता तुम्हाला ठाऊक असेल, अंगणवाडीत पोरांच्या पिठाचं पाकीट घ्यायचं तर आईचं तोंड फोनला दाखवावं लागतं. आधारकार्डावरचं तोंड आणि समोरचं तोंड जुळलं की फोन हिरवा होतो, न जुळलं की लाल. आमच्या भाग्यलक्ष्मी टीचर बिचाऱ्या एकट्या, एका हातानं पोरांना चिक्की वाटायलेत, त्याच हातानं कुणाचं नाक पुसायलेत, त्याच हातानं फोन धरायलेत. माझ्या आधी पारू होती, तिचं लाल झालं, ती म्हणाली, "फोनच खुळा हाय," आणि घरी गेली. शहाणी बाई! मग मी.

"नेत्रा, इकडं बघ. कण्णु मिटुकिसु, डोळे मिटमिट कर." केले. लाल.

"हस थोडी." हसले. लाल.

"हसू नको. आधारवर तू हसत न्हाईस." आधारवर कोण हसतं हो? आधारवर आपण सगळेच पोलिसांनी धरल्यासारखे असतो! तसं तोंड केलं. लाल. पदर घे, पदर काढ, उजेडात ये, सावलीत जा, पोरीला खाली ठेव… लाल, लाल, लाल! मागं रांगेतल्या बायका, प्रत्येकीचा एक सल्ला. शेवटी टीचर, वाईट वाटून हां, चांगल्या मनानं म्हणाल्या, "ते गालावर काळं आलंय न्हवं, त्याच्यानंच असणार बघ. फोनला वाटायलंय, तू दुसरीच कोण हायस."

दुसरीच कोण!

हसा तुम्ही, हसा. पाकीट काय, टीचरनी नंतर आपल्या घरच्या फोनवर आत्तींचं तोंड दाखवून दिलंच. आत्तींचं पहिल्या फटक्यात हिरवं! साठ वर्षांच्या सुरकुत्या फोनला चालतात आणि माझं वांग चालत न्हाई! पण माझ्या डोक्यात ते वाक्य बसलं. कारण रक्षिताला लागलेला दहावा महिना. हे माणसं ओळखायचं वय. परकं तोंड दिसलं की ओठ काढून रडायचं वय. मी बी.एस्सी., फर्स्ट क्लास, पण मनात एकदा किडा शिरला की डिग्री बाहेर थांबते. मला वाटायला लागलं, सरकारच्या फोनला मी ओळखू येत न्हाई, तर दहा महिन्यांच्या पोरीचा काय भरवसा? उद्या सकाळी उठून तिनं ओठ काढला तर? सांगा ना, तर मी कुठं जायचं? कुठल्या ऑफिसात अर्ज द्यायचा?

मग काय! आमच्याकडं नेटवर्क फक्त घरामागच्या फणसाखाली येतं, तिथं उभी राहून मी तीन दिवस मोबाईलवर वाचत होते. वरनं फणस पडला असता तर बरं झालं असतं, सगळं तिथंच मिटलं असतं. वाचता वाचता हे सापडलं. हातातनं आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, खाली लाल बसतं, वर पिवळं पाणी राहतं, आणि ते पिवळं पाणी बारीक सुयांनी आपल्याच तोंडात टोचायचं. मला एवढं पटलं! बाहेरचं काय न्हाई. केमिकल न्हाई. पोरगी अंगावर पिते तरी धोका न्हाई. आपलंच आपल्याला!

ह्यांना सांगितलं. हे म्हणजे आमचे शिवानंद, गणेशगुडीला टुरिस्टांना रबरी होडीत बसवून नदीत सोडायचं काम. म्हटलं, "वांगाचं दाखवून येते बेळगावला." तर म्हणाले, "वांग? कुठाय वांग?" दहा महिने! दहा महिने हा माणूस माझ्यासमोर बसून जेवतोय! धरणातनं पाणी किती सोडलंय ते रोज सकाळी बघतात, बायकोच्या तोंडाची पातळी कधी बघायची?

आणि आत्तींना… आता इथं माझं चुकलं. कबूल आहे. आत्तींना मी सांगितलं, "रक्त तपासायला जाते."

तुम्ही म्हणाल, त्यात काय? त्यात काय म्हणजे, आमच्या घरात 'रक्त' हा शब्द असा सहज काढायचा न्हाई हो! गेल्या साली गणपतीच्या तोंडावर रक्षिता झाली, तेव्हा माझं रक्त लई गेलं होतं. दवाखान्यातनं निरोप आला, बाटल्या लागतील. आता आमची गावं जंगलातली, दवाखाना लांब, त्यामुळं एक रीतच पडून गेलीय. 'रक्त पायजे' एवढे दोन शब्द कानावर पडले की माझा दीर नागेश आपली ट्रॅक्स जीप बाहेर काढतो, हाताला लागेल तो बाप्या आत चढतो, आणि गाडी दोन वळणं पुढं गेल्यावर विचारतो, "कोण आजारी हाय रे?" आधी बसायचं, मग विचारायचं! त्या दिवशी चौघांनी रक्त दिलं. पहिला लाडूमामा. लाडू हे नाव बरं का, खायचा लाडू न्हवे, आमच्याकडं असतं असं नाव. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर चकचकीत टक्कल, नाकाखाली मात्र अशा मिशा की टकलावरचं सगळं तिकडं राहायला गेलंय. तो माणूस तेव्हापासून मला दिसला की विचारतो, "काय पोरी, माझं रक्त काय म्हणतंय?" मी म्हणायची, "बरं हाय मामा." मग खूश होऊन जायचा.

तर असल्या घरात मी म्हणाले, रक्त तपासायला जाते. बी.एस्सी.! फर्स्ट क्लास!

बेळगावात माझी बहीण प्राजक्ता असते, आदल्या दिवशी रक्षिताला घेऊन तिच्याकडं राहिले, सकाळी दवाखान्यात. दवाखाना म्हणजे काय, मला वाटलं लग्नाच्या हॉलात आले! पांढरी फरशी, पांढरा सोफा, पांढऱ्या कुंडीत पांढरं फूल, आणि काउंटरवर रिसेप्शनची पोरगी, तिच्या गालावर माशी बसली तर घसरून पडेल. मी माझी चप्पल बाहेर काढली तर म्हणाली, "मॅडम, चप्पल घालूनच या." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, जिथं चप्पल काढायची न्हाई तिथं आपलं काय काम!

डॉक्टरीणबाई चांगल्या. शांत. मी कागदावर प्रश्न लिहून नेले होते, एकवीस. दूध आटेल काय? न्हाई. पोरीला लागेल काय? न्हाई. ताप? न्हाई. गाल कायमचा पिवळा होईल काय? इथं त्या माझ्याकडं जरा बघत राहिल्या. म्हणाल्या, "वांग एकदम जाईलच असं मी म्हणणार नाही, फिकट होतं, कुणाचं होतं, कुणाचं परतही येतं. ऊन टाळायचं. तीन-चार वेळा यावं लागेल. दोन दिवस तोंड लाल राहील, सुजेल. पण तुमचंच रक्त आहे, त्याचा त्रास कसला?" आता बघा, ह्यात पहिली चार वाक्यं बाईंनी किती प्रामाणिकपणे सांगितली! पण माणसाचा कान बघा कसा असतो. मी ऐकलं फक्त शेवटचं.

तोंडाला बधिर करायचं मलम फासून मला बसवलं आणि म्हणाल्या, आता पाऊण तास बसा. बाईंचं आधीचं पेशंट होतं, पाऊण तासाचा दीड झाला, दीडाचे दोन. त्याच्या आधी, सकाळीच, मी एक शहाणपण करून ठेवलं होतं. मलम लावायच्या आधी ह्यांना फोन लावला होता. हे नदीकाठी, मागं पाण्याचा घो-घो आवाज, टुरिस्टांची आरडाओरड, वर आमच्याकडचं नेटवर्क. मी म्हटलं, "अहो ऐका, काळजी करू नका, माझं रक्त काढणार आहेत आणि तेच तोंडात परत घालणार आहेत, सूज येईल थोडी, आत्तींना सांगू नका." किती सरळ वाक्य! ह्यांच्याकडं काय पोचलं माहीत आहे? नंतर ह्यांनीच सांगितलं. "काळजी… माझं रक्त… तोंडात… परत… आत्तींना सांगू नका." आणि फोन कट!

तुम्हीच सांगा, ज्याची बायको दहा महिन्यांमागं रक्त जाऊन मरता मरता वाचलीय, त्या माणसानं ह्याचा अर्थ काय लावायचा? तोंडातनं रक्त पडायलंय! परत! ह्यांनी परत फोन लावला, माझा लागेना, मी आत, मोबाईल बाहेर पिशवीत. मग ह्यांनी लावला नागेशला. माझं नाव, दवाखान्याचं नाव सांगितलं, आणि वर दोनच शब्द म्हणाले.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल!

तिकडं आमच्या शेतात नट्टी चाललेली, भाताची लावणी हो, सगळे गुडघाभर चिखलात. नागेश बांधावर येऊन ओरडला, "वैनीला रक्त पायजे!" तरव्याच्या रोपांच्या पेंढ्या तिथंच टाकल्या लोकांनी. हात धुतले काय, न्हाई. पाय धुतले काय, न्हाई. सहाजण ट्रॅक्समध्ये. आणि ह्या खेपेला कुणी 'कोण आजारी' म्हणून विचारलं पण न्हाई, कारण नाव आधीच कळलं होतं. तीन तासांचा रस्ता नागेशनं किती वेळात काढला ते विचारू नका, आत्तींसमोर तर मुळीच विचारू नका.

आणि इकडं मी! पलंगावर आडवी. हातातनं रक्त काढलं, यंत्र फिरलं, ती नळी बाईंनी मला दाखवली. खाली लाल, वर पिवळं, अगदी कोकमाच्या सारावर तेल तरंगावं तसं. मला जरा अभिमानच वाटला. म्हटलं, बघा, आपल्यात पण काय काय असतं! मग ते सुयांचं यंत्र गालावर फिरायला लागलं, घिर्र घिर्र, बधिर होतं तरी बधिर न्हाई, डोळ्यांत पाणी, आणि बाई गोड आवाजात, "झालंच हं, तुमचंच आहे, तुमचंच आहे…" जशी काय मी कुणाचं चोरायला आलेय!

एवढ्यात दारावर टकटक. रिसेप्शनची पोरगी. तोंड पांढरं पडलेलं. म्हणाली, "डॉक्टर… बाहेर लाडू आलेत."

डॉक्टर म्हणाल्या, "अगं मग ठेव ना टेबलावर, वाट सगळ्यांना."

"खायचे नाहीत डॉक्टर. माणूस आहे. आणि ते एकटे नाहीत."

मी तशीच उठले, बाई "अहो, अहो" करायलेत, आणि दार उघडलं. काय सांगू तुम्हाला! त्या पांढऱ्या फरशीवर दारापासून काउंटरपर्यंत चिखलाची पावलं, जशी काय रानडुकरं गेलीत रात्री. पांढऱ्या सोफ्यावर चौघंजण रांगेनं, बाही वर करून, दंड पुढं काढून बसलेले. अगदी तयार! आणि नागेश काउंटरवर मूठ आपटून, "किती बाटल्या ते सांगा! चौघांचं जुळतंय, बाकी दोघांचं बघून घ्या!"

ती पोरगी बिचारी पढवलेली, तिला जेवढं शिकवलंय तेवढंच येतंय, "सर, ग्रुपची अपॉइंटमेंट आहे का?"

"कसली अपॉइंटमेंट? माणूस मरायलंय तिथं!"

"सर, स्किनचं आहे की हेअरचं?" आणि लाडूमामाकडं बघून, त्याच्या टकलाकडं बघून, जरा नरम येऊन म्हणते, "ह्यांचं हेअरचं असेल ना? होतं, होतं. ह्यांचंच रक्त काढून डोक्यात टोचतात."

लाडूमामा गरकन वळला. "माझ्या डोक्यात? माझ्या डोक्याला काय झालंय? पोरीला द्यायला आलोय मी रक्त, मला परत कशाला घालता?"

आणि तेवढ्यात काय व्हावं! त्याच्या पोटरीवरनं एक जळू, आमच्या शेतात पावसाळ्यात असतातच, पोटभर पिऊन टम्म झालेली, टपकन त्या पांढऱ्या फरशीवर पडली. ती पोरगी किंचाळली, खुर्चीवर चढली! लाडूमामानं शांतपणे वाकून जळू दोन बोटांत उचलली, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "घाबरू नको बाय. तुमच्यात मशीन हाय, आमच्यात ही हाय. काम एकच."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं.

आता तुम्ही डोळ्यांसमोर आणा. माझं तोंड सुजून भोपळा, सगळ्या गालांवर रक्ताचे बारीक बारीक ठिपके, वर पिवळं पाणी चकाकतंय. सहाच्या सहा माणसं उठून उभी राहिली. नागेशच्या डोळ्यांत पाणी! हा माझा दीर, माझ्या लग्नात सगळी जिलबी संपवणारा, तो हुंदका देऊन म्हणतो, "वैनी… कुणी मारलं तुला?"

काय सांगू? सांगा ना, अशा वेळी माणूस काय सांगतो? भात लावायचा सोडून, पाय न धुता, तीन तास गाडी हाणत तुम्ही आलात, आणि मी इथं… गाल उजळ करायला पडलेय? बी.एस्सी. जिभेला गाठ मारून बसली. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, नीट, सावकाश. यंत्र दाखवलं, नळी दाखवली. "घाबरू नका, ह्यांना काही झालेलं नाही. ह्यांचंच रक्त काढून ह्यांच्याच चेहऱ्याला दिलंय."

मला वाटलं, आता शिव्या. आता गावभर. लाडूमामा पुढं आला, त्या नळीकडं वाकून वाकून बघितलं, मिशीवर हात फिरवला आणि बाईंना म्हणाला, "ह्यांचंच कसं म्हणता वो? गेल्या साली मी एक बाटली दिलीय, ह्या नागूनं एक दिलीय. ह्यातलं अर्धं आमचं हाय!"

आणि मग माझ्याकडं वळून, एकदम काळजीनं, "पोरी… दिलेलं संपलं व्हय? सांगितलं असतंस तर मी अजून दिलं असतं की."

…जाऊ दे. डोळ्यांत काय तरी गेलं माझ्या. ते मलम असणार.

पण खरा प्रसंग पुढं होता हो! प्राजक्ता रक्षिताला घेऊन आली, दुधाची वेळ झालेली. मी हात पुढं केले. "ये गं माझी बाय." रक्षितानं माझ्याकडं बघितलं. ह्या भोपळ्याकडं, ह्या ठिपक्यांकडं. आणि तिचा खालचा ओठ… आला बाहेर. हळूच. मी म्हटलं, नको गं, नको… आणि तिनं जो टाहो फोडला! प्राजक्ताच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि दुसरा हात लांब करून कुणाकडं गेली असेल? लाडूमामाकडं! चिखलानं भरलेल्या, मिशावाल्या लाडूमामाकडं! त्याच्या कडेवर बसून माझ्याकडं अशी बघायला लागली, जशी काय अंगणवाडीचा फोनच. लाल!

तुमचंच रक्त आहे, त्याचा त्रास कसला… हो का? ही बघा की बाई, नऊ महिने माझ्याच पोटातलं, माझंच रक्त! ज्या भीतीनं मी हे सगळं केलं, ती मी स्वतःच्या पायांनी बेळगावला जाऊन, रांगेत बसून, सुया टोचून विकत घेतली होती. शाबास नेत्रा. फर्स्ट क्लास!

परतीला मला ट्रॅक्समध्ये मागच्या बाकावर कोपऱ्यात बसवलं. सगळे समोर बघायलेत, माझ्याकडं बघायचं न्हाई असं ठरवल्यासारखे. खानापूर गेलं, पोरगी भुकेनं रडून रडून लाडूमामाच्या मांडीवर हिरमुसलेली. घेऊ म्हटलं तर परत किंकाळी. रामनगर आलं तशी मला राहवेना. मी ओढणी तोंडावरनं पार खाली ओढली, नवरीसारखी, आणि पोरीला पाठीमागनं हळूच घेतलं. ती ताठ झाली. आता रडणार… आणि तिचा हात वर आला. ओढणीच्या आत. चाचपडत. नाक न्हाई, गाल न्हाई, सरळ माझा कान. उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, दूध पिताना रोज धरते तशी, पिळली, आणि निवांत प्यायला लागली.

कान! दहा महिने ही पोरगी मला कानावरनं ओळखत होती! आणि मी गालाच्या मागं लागले होते! नागेश आरशातनं बघून म्हणाला, "वैनी, कानाला काय करून घेतलं न्हाईस न्हवं?" सगळी गाडी हसली. मी पण हसले. हसल्यावर सुया टोचलेलं काय दुखतं म्हणून सांगू!

घरी आत्ती दारातच उभ्या. त्यांना सगळं कळलेलं, आमच्याकडं माणसाला नेटवर्क न्हाई, बातमीला आहे. मी म्हटलं, आता मार. त्यांनी ओढणी वर केली, तोंड बघितलं, इकडनं, तिकडनं. म्हणाल्या, "रक्त तपासायला म्हणून गेलीस. खोटं तर काय बोलली न्हाईस." मग आत जाता जाता, "खरं एवढ्या लांब कशाला गेलीस? दिग्गीला माझ्या माहेरी गेली असतीस तर जळवांनी दारात काढलं असतं. चहा पिणार काय?"

झालं. एवढंच. मी म्हटलं, पिते.

आणि आता तुम्ही विचाराल, वांगाचं काय? वांग आहे की! डॉक्टरीणबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलेलं, जे मी ऐकलं न्हाई, तेच झालं. उजवीकडं जरा फिकट आहे, म्हणजे मला वाटतंय. डावं होतं तसं. पुढच्या खेपेला बोलावलंय, बघू. जायचं झालं तर ह्या वेळी गावाला लेखी कळवून जाईन.

पण काल… काल अंगणवाडीत गेले परत, पिठाचं पाकीट. रांग. टीचर. फोन. "नेत्रा, डोळे मिटमिट कर." लाल. मी म्हटलं, चला, सुरू! "हस." लाल. लाडूमामा तिथंच कट्ट्यावर नातवाला घेऊन बसलेला. तेवढ्यात माझ्या कडेवरच्या रक्षितानं हात मारला आणि टीचरचा फोन खाली पडला. टीचरनी उचलला, "अय्यो" म्हणाल्या, मातीचा म्हणून पदरानं खसाखसा पुसला, समोरनं पुसला, मागनं पुसला… आणि म्हणाल्या, "अग्गबाई! कॅमेऱ्यावर चिक्कीचा गूळ बसला होता गं! दोन महिने म्हणतेय सगळं धूसर का दिसायलंय!"

धरला समोर. टुंग! हिरवा! डोळे मिटायच्या आधी हिरवा! वांगासकट, डाव्यासकट, सगळ्यासकट मी म्हणजे मीच!

गूळ! चिक्कीचा गूळ! पारू रांगेत माझ्या मागंच होती, म्हणाली, "मी तवाच म्हटलं होतं, फोन खुळा हाय." आता काय करू तिला?

आणि लाडूमामा कट्ट्यावरनं उठला, फोनमध्ये डोकावला, हिरवं बघितलं, आणि सगळ्या बायकांसमोर मिशी पिळून म्हणाला, "बघा! उजळलं का न्हाई तोंड? माझं रक्त हाय ते!"

आता तुम्हाला सांगते, मला सगळं ठाऊक आहे. दिलेलं रक्त अंगात चार महिन्यांवर राहत न्हाई. आणि त्या दिवशी मामानं दिलेली बाटली तर दवाखान्यात जमा झाली होती, बदल्यात मला आयती तयार असलेली मिळाली, कुणाची होती देव जाणे. म्हणजे माझ्या गालात लाडूमामाचा थेंबसुद्धा न्हाई, कधी नव्हताच! शास्त्र आहे ते. बी.एस्सी. आहे माझं. तोंड उघडलंसुद्धा मी, सांगायला.

मग त्याच्याकडं बघितलं. आणि म्हटलं, "व्हय मामा. तुमचंच हाय."

सांगून काय करू? तीन तास पाय न धुता आलेला माणूस. त्याचंच रक्त, त्याचंच तोंड, त्याचाच फोन हिरवा… माझं काय, माझा फक्त कान!